एका छोट्या ट्रॅक्टरची उस्तवार

अमेरिकेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणून एक प्रकार आहे. तिथल्या मोठ्या घरांच्या मागंपुढं अर्धा-एक एकर हिरवळ असते. ती कापायला, थंडीत दारापुढचं बर्फ सारायला लोक हा लहानसा ट्रॅक्टर ठेवतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९६१ साली ‘कब कॅडेट’ काढला, जॉन डिअरनं १९६३ साली ‘११०’ काढला. आता तिकडची निवृत्त मंडळी ही जुनी यंत्रं भंगारातून उचलून आणतात, एकूण एक नट खोलतात, कंपनीचा मूळ रंग शोधून तोच देतात आणि प्रदर्शनात नेऊन उभी करतात. परदेशी गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानं फोनवर मला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, ‘‘सर, तुम्ही वाशीमला बसून हेच करता की!’’

मी त्याला हो म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते सांगायला आज बसलो आहे.

आपल्याकडं घरामागं हिरवळ नसते. गोठा असतो, कुटाराचा ढीग असतो, एखादी मोडकी बंडी असते. बाग म्हटली की ती मंगरुळपीर, कारंजा, मालेगाव भागातली संत्र्याची. झाडाझाडात अठरा-वीस फुटांचं अंतर, फांद्या खाली झुकलेल्या आणि अन्न ओढणाऱ्या मुळ्या जमिनीच्या वरच्याच थरात पसरलेल्या. तिथं मोठा ट्रॅक्टर घातला तर फांद्याही मोडतात आणि मुळ्याही तुटतात. त्यामुळं आपला बागेतला ट्रॅक्टर म्हणजे वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा, बुटका, झाडांच्या ओळीतून अंग चोरून जाणारा. तो शौकाचा नाही, पोटाचा आहे. शौकाचं यंत्र म्हातारं झालं की लोक त्याला जपतात. पोटाचं यंत्र म्हातारं झालं की त्याला ठिगळं लावतात, आणि ठिगळही लागेनासं झालं की भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकतात.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात उमर घालवली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून घराशेजारी पत्र्याची शेड टाकली. तिथं आतापर्यंत सात-आठ जुने छोटे ट्रॅक्टर येऊन उभे राहिले आणि चालत परत गेले. त्यातल्या एकाची ही हकिकत आहे.

मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावाहून ट्रॉलीत घालून एक आयशर माझ्याकडं आला. एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा, १९७६ साली घेतलेला. ज्यांनी घेतला ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचा नातू पुण्याला नोकरी करतो. त्यानं फर्माईश केली, ‘‘सर, शोरूममधून काढल्यासारखा करून द्या. खर्चाचं बघू नका. आजोबांची आठवण आहे.’’

मी ट्रॅक्टरभोवती दोन चकरा मारल्या. बॉनेटवर रंगाचे चार थर होते. डाव्या मडगार्डला बंडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा रिबिटा मारून बसवलेला. मागचा ओढदांडा गावच्या लोहारानं घडवलेला, त्यावर हातोड्याचे ठोके अजून मोजता येतील असे. सीटखालच्या स्प्रिंगच्या जागी रबराचा जाड तुकडा, बहुधा ट्रकच्या टायरचा. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे डिझेलचा पंप या ट्रॅक्टरचा नव्हता.

हा पंप नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवतात की तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. हा फवारा नेमक्या वेळी, नेमका तेवढाच सोडायचं काम पंपाचं. त्याच्या आत बोटाएवढा एक पोलादी दट्ट्या असतो, त्याला प्लंजर म्हणतात. प्लंजर आणि त्याच्या नळीमधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते. मुलांना मी सांगायचो, या प्लंजरला उघड्या बोटानं हात लावू नका. घामानंही तो बिघडतो. या ट्रॅक्टरवर बसवलेला पंप दिसायला मूळ पंपासारखाच, पण आतला प्लंजर बारीक. विहिरीवर पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा तो पंप होता. तो इथं बसावा म्हणून मध्ये एक पट्टी घातलेली, आणि डिझेल सुटायची वेळ जुळावी म्हणून पंपाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घातलेल्या. एक चकती मी पुसून उजेडात धरली. ऑइलच्या डब्याचा पत्रा होता, त्यावर अर्धं अक्षर शाबूत होतं.

मी नातवाला सांगितलं, ‘‘हे टंचाईच्या काळातलं काम आहे. मूळ पंप मिळाला नसेल, मिस्त्रीनं असेल तो बसवला.’’ माझ्या वहीतही मी तसंच लिहून ठेवलं. असं मी का ठरवलं हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि अकोला मध्यप्रांत-वऱ्हाडात. इंग्रजी अमदानीत बासीम हा स्वतंत्र जिल्हाच होता, १९०५ साली तो मोडून अकोल्याला जोडला. मग १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झालो. आमच्या जिल्ह्यालाही तुकडे सोडून जोडायची सवय आहे, एवढ्यासाठी हे सांगितलं!

तर १९४७ साली दिल्लीत केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्करानं इथंच टाकून दिलेले पट्ट्यांवर चालणारे अजस्र ट्रॅक्टर तिच्या हाती आले. मध्य भारतातल्या लाखो एकर जमिनीत कांस नावाचं गवत माजलं होतं. त्याच्या मुळ्या इतक्या खोल की बैलाच्या नांगराला ते ऐकत नसे. आपल्याकडच्या काळ्या कसदार रानात कुंद्याची जी दहशत होती, तीच तिकडं कांसाची. ते उपटायला आणखी ट्रॅक्टर हवेत म्हणून १९४९ साली जागतिक बँकेनं भारताला एक कोटी डॉलर कर्ज दिलं. या देशात ट्रॅक्टर आणि कर्ज यांची अशी अगदी पहिल्यापासून जोडी आहे.

१९५२ पासून दहा वर्षं केंद्रातलं शेतीखातं आपल्या वऱ्हाडच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी सांभाळलं. डिसेंबर १९५९ मध्ये त्यांच्या भारत कृषक समाजानं दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. देशोदेशींची यंत्रं तिथं मांडली होती आणि अमेरिकेच्या दालनाचं उद्घाटन करायला खुद्द राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. पण प्रदर्शनात पाहिलेलं यंत्र वावरात यायचं म्हणजे केवढी मजल! १९५१ साली सगळ्या देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. दहा वर्षांनी ते एकतीस हजारांवर गेले. एवढ्या मोठ्या देशाला ते कुठं पुरणार?

तोवर ट्रॅक्टर सगळे बाहेरूनच येत. इंग्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन यांच्या लहान करड्या ट्रॅक्टरनं शेतीचा नूर पालटला होता. मागचं अवजार तेलाच्या दाबानं वर उचलायची, तीन ठिकाणी जोडायची युक्ती त्यांची. आज आपल्या गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागं बघा, तीच रचना दिसेल. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून पाच लाखांवर असे ट्रॅक्टर निघाले. एव्हरेस्टवाले हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरवर बसून. छोट्या यंत्राला कमी लेखणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

भारतात ट्रॅक्टर बनू लागला तो १९५९ साली, फरीदाबादला, आणि तो होता आयशर. मूळ कंपनी जर्मनीतल्या बव्हेरियातल्या आयशर बंधूंची. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे हवेवर थंड होणारं इंजिन. पाठोपाठ मद्रासला मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागी करून मुंबईत कंपनी काढली. म्हणजे अमेरिकेतल्या हिरवळीवर फिरणारा ‘कब कॅडेट’ आणि आपल्याकडचा ‘बी-२७५’ हे एकाच घराण्यातले चुलतभाऊ! १९७१ साली एचएमटीनं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणला. १९७४ साली मोहालीला ‘स्वराज’ निघाला, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या प्रयोगशाळेत आपल्याच इंजिनिअरांनी केला होता.

इतके कारखाने निघाले तरी मागणी पुरी होत नव्हती. परकीय चलन नव्हतं, सुटे भाग नव्हते. १९७१ साली सरकारनं ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूमच काढला. स्कूटरसारखी ट्रॅक्टरलाही रांग. त्या काळातले शेतकरी मला सांगतात, की कोणता ट्रॅक्टर चांगला हा प्रश्न नव्हता. नंबर कुठं आधी लागतो, हा प्रश्न होता. डिझेल पंप बनवणारी मायको कंपनी बंगलोरला १९५१ पासून होती खरी, पण वाशीमच्या शेतकऱ्याला पंपाचा भाग हवा असला तर अकोला गाठावं लागे. जायचं ऐंशी किलोमीटर, आणि तिथं ‘पुढच्या महिन्यात या’ हे ऐकून परत यायचं. पेरणी थोडीच पुढच्या महिन्यापर्यंत थांबते? मग गावचा लोहार, सुतार, विहिरीची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री हे मिळून काहीतरी करत. पितळी भांडं वितळवून बुश ओतत. बाभळीच्या लाकडाचा ठोकळा घासून काही दिवस काम भागवत. म्हणून मी त्या पंपाकडं बघून क्षणात निकाल दिला, की ही टंचाईची खूण.

आमच्या कामाची पद्धत अशी असते की भाग खोलला की तो कुणी, केव्हा, का बदलला असेल याचा अदमास बांधायचा. इतिहासाचे प्राध्यापक नाणी आणि ताम्रपट वाचतात, आम्ही वेल्डिंग वाचतो. गॅसचं वेल्डिंग, विजेचं वेल्डिंग, पितळेची झाळण, प्रत्येकाचा जमाना वेगळा असतो. गावात वीज केव्हा आली ते वेल्डिंगवरून बऱ्यापैकी कळतं.

आता त्या इंजिनाबद्दल थोडं बोलतो, कारण ते मला फार आवडतं. एकच सिलिंडर, पण केवढा! चालू झालं की पायाखालची जमीन हलते. याला रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरच्या बाहेरून लोखंडाच्या पातळ कंगोऱ्या असतात आणि पंखा त्यांच्यावर हवा मारतो. पाण्याची बोंब असलेल्या भागात हे मोठं सुख. मात्र वऱ्हाडात त्याची एक गोची झाली. उन्हाळ्यात आधीच पारा चव्वेचाळीसवर. त्यात कापसाचे तंतू आणि मळणीचा भुसा पंख्यातून आत जातो आणि तेलकट कंगोऱ्यांवर नमदा जमतो. गाडी वरून ठणठणीत दिसते आणि आतून भाजत असते. मग पिस्टन धरतो. या ट्रॅक्टरच्या कंगोऱ्या मी खरवडल्या तेव्हा घमेलंभर कचरा निघाला. खालच्या थरात पांढरे कापसाचे धागे, वरच्या थरात सोयाबीनचं कुटार. आमच्या जिल्ह्यात नव्वदच्या दशकापासून पऱ्हाटी मागं पडत गेली आणि सोयाबीन आलं, ते मला त्या घमेल्यात थरांनी दिसलं.

जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनांना हँडल मारून चालू करावं लागे. त्याची एक शिस्त होती. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वेटोळं घालायचं नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल फटका देतं आणि अंगठा मोडतो. आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींपैकी दोघांचे उजवे अंगठे वाकडे होते. ते कुठल्या शाळेत गेले नव्हते, पण कानाला लाकडी दांडी लावून आतलं कुठलं बेअरिंग वाजतं ते सांगत. त्यातले एक वारले तेव्हा त्यांच्याकडचं सगळं हत्यार मुलांनी विकून टाकलं. मी गेलो तोवर फक्त ती दांडी उरली होती. तिला कोण पैसे देणार? ती मी घेऊन आलो.

बैलांचं काय झालं हेही या गोष्टीत येतं. १९७२ च्या दुष्काळात वैरण नाही म्हणून कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. पुढं सालदार मिळेना, मिळाला तर परवडेना. नांगरटीला मोठे ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागले, पण डवरणीचं काय? उभ्या पिकाच्या दोन ओळींतून जायला बैलजोडीच हवी. या अडचणीतून गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगाणींनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून, तिथं दोन चाकं आणि कोळप्याचा दांडा जोडून ‘बुलेट सांती’ केली. योगायोग बघा, त्याच वर्षी बुलेट बनवणारी एनफिल्ड कंपनी आयशरच्या समूहात गेली. २०१० नंतर महिंद्रांनी पंधरा हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा ‘युवराज’ बाजारात आणला. म्हणजे फिरून आपण छोट्याच ट्रॅक्टरवर आलो. ज्यांनी १९७६ चे छोटे आयशर आणि एचएमटी भंगारात घातले, त्यांचीच मुलं आता छोटे ट्रॅक्टर शोधत फिरतात. दरम्यान आयशरचा ट्रॅक्टर-धंदा २००५ साली मद्रासच्या टॅफेकडं गेला आणि एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला.

तर माझ्या शेडमधला आयशर. नातवाच्या मनात आणखी एक होतं. त्याला या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची होती. मी नियम काढून वाचला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं तो केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली, ती व्हिंटेज. आणि हा नियम फक्त दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या चारचाकींना. ट्रॅक्टर त्यात बसतच नाही. बसला असता तरी आमचा आयशर पहिल्याच अटीला गळाला असता. मूळ स्वरूपात राहायला तो काय राजवाड्यात उभा होता? ज्याच्यात फेरफार झाला नाही असा ट्रॅक्टर म्हणजे ज्यानं काम केलं नाही असा ट्रॅक्टर. नातू हिरमुसला. मला मात्र, खरं सांगतो, बरं वाटलं.

पण शोरूमसारखा करायचं कबूल केलं होतं. बॉनेटचा रंग खरवडायला घेतला. वरचा निळा थर गेला, खालचा हिरवा गेला. त्याखाली पांढऱ्या रंगात, गावच्या पेंटरच्या वळणदार हातानं लिहिलेली अक्षरं वर आली. एका बँकेचं नाव, आणि त्याखाली ‘नजरगहाण’.

त्या काळात कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरवर असं लिहिलेलं असे. ट्रॅक्टर तुमच्या दारात, मालकीही तुमची, पण कागदावर बोजा बँकेचा. हप्ते फिटेपर्यंत ते पुसायचं नाही. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, मग बँका खेड्यात आल्या, हा सगळा इतिहास त्या एका शब्दात होता. मी ठरवलं, बॉनेटचा एवढा भाग तसाच ठेवायचा, वरून पारदर्शक लॅकर मारायचं.

दोन दिवसांनी नातू त्याच्या आजीला घेऊन आला. काम कुठवर आलं ते बघायला. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, तरी जीपमधून कुणाचा हात न धरता उतरल्या. ट्रॅक्टरला पुढून हात लावून पाया पडल्या. मग अक्षरांकडं बघितलं. काही बोलल्या नाहीत. मी आपला उत्साहात त्यांना पंप दाखवायला नेलं, टंचाई, अकोल्याच्या खेपा, मिस्त्रीची अक्कल, सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘तसं नाही झालं, सर.’’

हप्ते थकले होते. लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं होतं. उद्या वसुलीची जीप येणार, ट्रॅक्टर ओढून नेणार, अशी खबर रात्री गावात आली. त्यांच्या मालकानं कंदील लावून पंप खोलला, फडक्यात गुंडाळला, बादलीत घातला आणि बादली विहिरीत सोडली. आजी स्वतः दोर धरून उभ्या होत्या. सकाळी वसुलीवाले आपला ड्रायव्हर घेऊन आले. ट्रॅक्टर काही चालू होईना. पंचनामा झाला, नको नको ते बोलणं झालं, सगळं गाव बघत होतं. ट्रॅक्टर ओढायची तजवीज करून पुन्हा येतो म्हणून ते गेले. त्या आठ दिवसांत आजींनी गळ्यातली पोत मोडली आणि हप्ता भरला.

मग बादली वर काढली. पंप गंजला होता, प्लंजर नळीत गच्च बसला होता. आठ दिवस पाण्यात. तो काय टिकणार? तोवर विहिरीवर विजेची मोटर आली होती आणि जुनं इंजिन नुसतं पडून होतं. त्याचा पंप काढून ट्रॅक्टरला बसवला. चकत्या कुणी कापल्या, असं मी विचारलं. ‘‘मीच कापल्या. शिवणाच्या कातरीनं. थे कातर गेली वाया,’’ असं म्हणून त्या हसल्या.

नातवाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो खाली बघत उभा होता. माझ्या वहीत ‘टंचाईची खूण’ असं ठळक लिहिलेलं होतं. चाळीस वर्षं इंजिनं खोलली, पण पंपाखालच्या चकत्या कुणी बाईनं कंदिलाच्या उजेडात कापल्या असतील हे माझ्या डोक्यात आलं नसतं. आम्ही वेल्डिंग वाचतो म्हणून मघाशी फुशारकी मारली, ती एवढ्यासाठी परत घेतो.

आजी म्हणाल्या, ‘‘थे अक्षरं पुसून टाका. पंप राहू द्या.’’

मी म्हटलं, ‘‘आजी, अक्षरं राहिली तर लोकांना कळेल. तो इतिहास आहे.’’

‘‘तुमचा असंन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पंप आमच्या घरचा हाय, सर. थे अक्षरं कुठं आमचे हायत?’’

मी थोडा वाद घातला. फोटो तरी काढू द्या म्हणालो. त्यांनी मान हलवली. १९९० ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली तेव्हा मंगल कार्यालयात लोक यांच्याकडं बोट दाखवून काय बोलले होते, ते त्यांनी सांगितलं. ते मी इथं सांगणार नाही. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात वाशीम होतं. त्या यादीतल्या गावांत ‘नजरगहाण’ या शब्दाकडं घबाड म्हणून बघणारा मी एकटाच असेन. संध्याकाळी पॉलिश पेपर घेतला आणि अक्षरं घासून काढली. ‘न’ शेवटपर्यंत जाईना, पेंटरनं रंग चांगला वापरला होता. रेडिओवर सांगू का, असं नंतर फोन करून विचारलं. नाव घ्यायचं नाही आणि गाव घ्यायचं नाही, या बोलीवर आजींनी हो म्हटलं.

बाकी काम रीतसर केलं. पिस्टनच्या रिंगा नव्या, मागचे ऑइल सील नवे, वायरिंग सगळं नवं. रंग कंपनीचा. मडगार्डचा धावेचा तुकडा ठेवला, लोहाराचा ओढदांडा ठेवला. पंप साफ करून, चकत्या होत्या त्याच क्रमानं घालून पुन्हा बसवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर गावाला गेला.

दिवाळीनंतर नातवाचा फोन आला. भरलेली ट्रॉली घेऊन चढावर गाडी दमते म्हणे. मी सांगितलं, दमणारच. प्लंजर बारीक आहे, डिझेल कमी पडतं. मूळ मापाचा पंप आता अकोल्यात सहज मिळतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

‘‘मग बदलू या का, सर?’’

मी म्हटलं, ‘‘आजीला विचार.’’

त्याला आता चार महिने झाले. त्याचा काही फोन नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)